पेठेतले पाणी आणि आठवीचा ब्लॉग : प्रकल्प नोंदी

१८ जून २०२४

शाळा उघडून तीन दिवस झाले. मुख्याध्यापिकाबाईंनी आज प्रकल्पाला तोंडी होकार दिला आणि लेखी आराखडा आठवड्याभरात मागितला, म्हणून ही नोंदवही आजपासूनच सुरू करीत आहे. आठवीच्या एका तुकडीतील ४२ मुलांनी मिळून वर्षभर एक ब्लॉग चालवायचा आणि त्यात आपल्या परिसरातील पाण्याविषयी लिहायचे, एवढाच प्रकल्प आहे. बहुतेक मुले पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि शनिवार या पेठांतून येतात. कोणाच्या वाड्यात जुनी विहीर आहे, कोणाच्या गल्लीच्या तोंडाशी पेशवाईतला हौद आहे, आणि मुठा नदी तर सगळ्यांचीच आहे.

हा खटाटोप कशासाठी, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. निबंधाच्या वहीला एकच वाचक असतो आणि तोही पगारी असतो, हे माझे उत्तर. माझ्या लाल शाईचा मुलांना धाक वाटतो; पण मला काही सांगावे असे त्यांना कधीच वाटत नाही, कारण 'माझी आजी' या विषयावरचे ४२ निबंध मी एकाच रविवारी दुपारी संपवणार आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते. लिहिलेले खरोखर कोणी वाचणार आहे, त्यावर प्रश्न विचारणार आहे आणि प्रसंगी 'हे चूक आहे' असेही म्हणणार आहे, असे झाले तर वाक्य बदलते का, एवढेच मला पाहायचे आहे.

शिक्षककक्षात मधल्या सुट्टीचा निम्मा वेळ 'ब्लॉग' या शब्दावरच गेला. 'अनुदिनी' म्हणावे असे एकांचे मत पडले, तर 'जालनिशी' असे दुसऱ्यांचे. दोन्ही शब्द चांगले आहेत; परंतु मुले ब्लॉगच म्हणणार, तेव्हा या वहीतही तोच शब्द ठेवते.

संगणककक्षात १७ यंत्रे आहेत, त्यांपैकी चालू १४. म्हणजे एका यंत्रासमोर तीन मुले.

२४ जून २०२४

ब्लॉग कोठे उभारायचा याचा निर्णय आज झाला. ब्लॉगर सर्वांत सोपे आहे. १९९९ पासून चालू आहे, २००३ पासून गूगलकडे आहे आणि एका दुपारी सुरू करता येते. मात्र तेथे दोनच भूमिका असतात, प्रशासक आणि लेखक, आणि लेखकाला स्वतःचा मजकूर थेट प्रसिद्ध करता येतो. तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती ते बटण पहिल्याच दिवशी द्यायला माझे मन धजत नाही. शाळांसाठी बेतलेली एड्यूब्लॉग्ज ही सेवाही पाहिली. ती वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या सॉफ्टवेअरवरच उभी आहे. आणि शाळेच्या संकेतस्थळासाठी घेतलेली जागा आधीपासून आहे, तेव्हा त्याच जागेत वर्डप्रेस बसवावे असे ठरले. हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर असून त्याची पहिली आवृत्ती मे २००३ मध्ये आली. म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांहून ते पुष्कळ थोर आहे. त्याचा कारभार मराठीतूनही चालवता येतो.

निर्णायक ठरली ती 'योगदानकर्ता' ही भूमिका. योगदानकर्त्याला मसुदा लिहिता येतो आणि तपासणीसाठी पाठवता येतो, पण प्रसिद्ध करता येत नाही. त्याला चित्रही चढवता येत नाही, असे चाचणीत आढळले. मुले याला अन्याय म्हणणार हे दिसतेच आहे. मला मात्र ही अडचण फार सोयीची वाटली, कारण चित्राचे बटण समोर असले की मुले आधी चित्र शोधतात आणि मग त्या चित्राला शोभेल असे लिहितात.

खाती व्यक्तिशः न उघडता गटवार उघडली. सहा मुलांचा एक गट, असे सात गट झाले.

२ जुलै २०२४

पालकसभा. अपेक्षेपेक्षा अधिक पालक आले आणि सभा अपेक्षेपेक्षा लांबलीही.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आहे. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली असून बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्यास सांगितले आहे. अंमलबजावणीचे नियम अजून यायचे आहेत. पण नियम आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आताच शिस्त लावलेली बरी, म्हणून संमतिपत्रक केले आणि ते एका पानाचेच ठेवले. मुलाचे नाव, आडनाव, छायाचित्र, घराचा पत्ता आणि आवाज यांपैकी काहीही ब्लॉगवर जाणार नाही, मजकूर टोपणनावाने जाईल आणि पालकांनी सांगितल्यास तो केव्हाही काढला जाईल, एवढेच त्यात लिहिले. पत्रक वाचून होताच एक रिक्षाचालक वडील उठले. "बाई, नाव टाकायचं नाही हे पटलं. पण मग माझ्याच पोरीनं लिहिलंय हे तिच्या आजीला कळायचं कसं?"

प्रश्न रास्त होता. घरच्यांनी मुलाचे टोपणनाव जाणून घ्यावे आणि ते घरातच ठेवावे, असे ठरले. वर्गात टोपणनावांची निवड चालू आहे. शेवंती, गारगोटी, पाणकोंबडा, तांब्या अशी नावे आली आहेत. 'तांब्या' या नावावर दोघांनी हक्क सांगितल्याने चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

९ जुलै २०२४

आजचे दोन्ही तास 'पायऱ्या' या एका शब्दात गेले आणि ते वाया गेले असे मी म्हणणार नाही.

एका गटाला नदीघाटाच्या पायऱ्यांवर लिहायचे आहे. त्यांनी टंकलेखन केले ते 'पायर्या' असे. पडद्यावर रफार य-च्या डोक्यावर चढलेला पाहून गारगोटी म्हणाली, "बाई, हे हिंदीसारखं दिसतंय." तिचे निरीक्षण अचूक होते. मराठीत र-चा हा दुसरा अवतार, आडव्या कोयत्यासारखा अर्धा र, स्वतंत्र काम करतो. फळ्यावर मी 'आचार्यांना वाढले' आणि 'आचाऱ्यांना वाढले' अशी दोन वाक्ये लिहिली आणि पहिल्या पंगतीला कोण बसले, असे विचारले. वर्ग हसला, त्यानंतर हा भेद मला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

मग तो उमटवायचा कसा, हा प्रश्न. युनिकोड या संगणकावरील लिप्यांच्या प्रमाण पद्धतीत या कामासाठी खाली टिंब असलेला ऱ आहे. तो, हलन्त आणि य अशा क्रमाने टंकले की 'ऱ्य' होते. भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर र-च्याच कळीवर शिफ्ट धरले की हा ऱ मिळतो. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या साधनांत मात्र प्रत्येकाची युक्ती वेगळी असते, आणि काही साधने विचारल्याशिवाय आपल्या मनानेच एक रूप ठोकून देतात. म्हणून आज इन्स्क्रिप्ट सर्वांना शिकवायचे ठरवले. ते विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये मुळातच असते, काही विकत घ्यावे लागत नाही. स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, ही मांडणी मराठी बाराखडी पाठ असलेल्या मुलाला दोन आठवड्यांत हाताखाली येते. मोबाइलवर मुलांनी गूगलचा जीबोर्ड हा कळफलक वापरावा, माझी हरकत नाही. शेवटचा हात मात्र संगणकावरच फिरवायचा.

शब्दतपासणीचेही करून पाहिले. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांना मराठी शब्दसंग्रह जोडता येतो. तो 'पाणी' ओळखतो. पण मराठी शब्दाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये एकामागून एक चिकटत जातात, त्यामुळे 'पाण्याखालच्यांनाही' असे काही लिहिले की खाली लाल रेघ ओढली जाते. मुलांना मी सांगितले की लाल रेघ ही शंका आहे, निकाल नव्हे. शंका आली की शब्दकोश उघडायचा.

निवृत्त झालेल्या एका सरांनी हौदांवरचा आपला जुना लेख आम्हांला दिला. तो युनिकोडपूर्व काळातल्या एका फॉन्टमध्ये टंकलेला असल्याने पडद्यावर नुसत्या चिन्हांचा कचरा उमटला. ज्या पुण्यात १९८८ साली सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे एवढे काम झाले, त्याच गावात वीस वर्षांपूर्वीचा मराठी लेख वाचायला रूपांतरक शोधावा लागतो, याची मुलांना मोठी गंमत वाटली. रूपांतर करून लेख मिळाला. त्यातले निम्मे जोडाक्षर हाताने दुरुस्त करावे लागले.

१२ जुलै २०२४

पानशेतच्या पुराला आज ६३ वर्षे झाली. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. हे पाठ्यपुस्तकी वाक्य मुलांना येते. आज त्यांना सांगितले की हे वाक्य कोणीही लिहू नये. घरातल्या किंवा वाड्यातल्या ज्या कोणी तो दिवस पाहिला असेल त्यांच्याकडे जाऊन बसावे आणि 'तुम्हांला काय वाटले?' हा प्रश्न मुळीच न विचारता 'तेव्हा तुमच्या हातात काय होते?' असे विचारावे.

ध्वनिमुद्रण मोबाइलवर करायचे, पण आधी परवानगी मागायची आणि ती मागितल्याचेही मुद्रणात येऊ द्यायचे, असा नियम केला. मुद्रण आमच्यापुरतेच राहील. ते कापायला, गोंगाट कमी करायला आणि एखादे वाक्य पुन्हापुन्हा ऐकायला ऑडॅसिटी हे मोफत साधन संगणककक्षात बसवले आहे. बोलून मजकूर उमटवण्याची सोय गूगल डॉक्समध्ये मराठीसाठी आहे; तिने आजीचे बोलणे थेट उतरवता येईल का हेही आजमावले. मुलांचे स्पष्ट बोलणे बरेचसे ठीक उमटते, पण दात पडलेल्या आजीचे पुणेरी पुटपुटणे त्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. शब्दांकन कान देऊनच करावे लागेल.

२९ जुलै २०२४

गेल्या गुरुवारी, २५ तारखेला, पावसाने शाळा बंद होत्या. मुठेला पूर आला आणि सिंहगड रस्त्याकडील एकतानगरीत पाणी शिरले. मुले जुन्या पुराविषयी लिहीत असताना नवा पूर आला. आज वर्गात दुसरे काही चालणे शक्यच नव्हते.

पाणकोंबड्याच्या नात्यातले कुटुंब त्या भागात राहते. त्याने १७ छायाचित्रे आणली. जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आलेले पाणी, त्यात तरंगणारी लाल बादली, आणि गच्चीवरून खाली पाहणारी शेजारीपाजारी माणसे. छायाचित्रे उत्तम आहेत आणि त्यांतले एकच प्रसिद्ध होईल, बादलीचे. इतरांत ज्यांची तोंडे दिसतात त्यांना कोणी विचारलेले नाही. पाणकोंबडा नाराज झाला. "बातम्यांत तर सगळ्यांचे चेहरे दाखवतात!" दाखवतात खरे, एवढेच मी म्हटले.

याच निमित्ताने छायाचित्राच्या पोटात काय दडलेले असते तेही दाखवले. मोबाइलचा कॅमेरा चित्राबरोबर दिनांक, वेळ, यंत्राचे नाव आणि स्थान चालू असेल तर अक्षांश-रेखांशही साठवतो. व्हॉट्सअॅपवरून साधे छायाचित्र म्हणून पाठवले की ही माहिती निघून जाते, तेच चित्र दस्तऐवज म्हणून पाठवले की ती तशीच राहते. पाणकोंबड्याने चांगल्या प्रतीसाठी दस्तऐवज म्हणूनच पाठवले होते. त्यातले अक्षांश-रेखांश नकाशात टाकताच त्याच्या काकांची इमारत समोर आली आणि वर्ग एकदम गप्प झाला. यापुढे प्रत्येक चित्र स्थानाची माहिती पुसून आणि आकार कमी करूनच माझ्याकडे येईल. आकारासाठी स्क्वूश हे साधन वापरत आहोत. ब्राउझरमध्येच चालते, खाते लागत नाही, आणि चार-पाच एमबीचे चित्र दोनशे केबीच्या आत सहज बसते. आमचे वाचक मोबाइलवर आणि मोजूनमापून डेटा वापरणारे आहेत.

६ ऑगस्ट २०२४

पहिला लेख प्रसिद्ध झाला. तो शेवंतीचा आहे.

तिच्या पहिल्या मसुद्याचे पहिले वाक्य असे होते : 'पानशेतचा पूर हा पुण्याच्या इतिहासातील एक अत्यंत दुर्दैवी दिवस होता.' तिसऱ्या मसुद्याचे पहिले वाक्य असे आहे : 'आजीने गव्हाच्या पिठाचा डबा आधी माळ्यावर ठेवला आणि दागिन्यांची पिशवी नंतर.' आधीच्या दोन मसुद्यांवर मी फक्त दोन प्रश्न लिहिले. एक, तुझ्याशिवाय हे वाक्य आणखी कोण लिहू शकेल? आणि दुसरा, आजीच्या हातात काय होते? डबा तिला पहिल्याच मुलाखतीत सापडला होता; तो लिहिण्याजोगा आहे, हे मात्र तिला ठाऊक नव्हते. पुरानंतर नळ बंद झाले आणि पिण्याचे पाणी हौदावरून आणावे लागले, हेही आजीच्याच बोलण्यात आले. पुराचा आणि हौदाचा धागा मी जुळवण्याआधीच तिने जुळवला.

लेखाचे शीर्षक 'आजीने पीठ आधी माळ्यावर ठेवले'. प्रसिद्ध केल्यावर दुवा पाहतो तो 'माळ्यावर-ठे' येथेच तुटलेला. असे का व्हावे म्हणून गणिताच्या सरांना बोलावले आणि पुढचा तास त्यांनीच घेतला. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेते. पत्त्यात तो प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे असा लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे आहेत. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० जागा देते. शीर्षकात २४ चिन्हे असल्याने २१६ जागा आणि शब्दांमधल्या चार रेघा, एकूण २२०. म्हणून 'ठे'नंतर जागा संपली. मुलांनी स्वतः फळ्यावर बेरीज केली आणि ती जुळली. दोष आमच्या अननुभवाचाच, कारण पत्ता हाताने लिहायची सोय तेथेच होती. आता प्रत्येक लेखाला रोमन लिपीत दोन शब्दांचा पत्ता आधीच द्यायचा. व्हॉट्सअॅपवर टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक शेपटी घेऊन जाणारा दुवा तसाही कोणी उघडत नाही.

१४ ऑगस्ट २०२४

शेवंतीच्या लेखावर प्रतिक्रिया आल्या. प्रत्येक प्रतिक्रिया आधी माझ्याकडे थांबते आणि मी पाहिल्यावरच दिसते, अशी योजना आहे. दोन कौतुकाच्या होत्या. एक कोण्या औषधाची जाहिरात होती, ती काढून टाकली. चौथी नारायण पेठेत वाढलेल्या एका वृद्ध वाचकांची होती, आणि तिच्यासाठी हा सगळा प्रकल्प केला असे मी म्हणेन. त्यांनी लिहिले की लेख आवडला, मात्र पाणी रात्री शिरले असे लिहिले आहे ते चूक आहे. पाणी दिवसाढवळ्या आले, अंधार झाला तो त्या रात्री वीज नव्हती म्हणून.

शेवंती रडवेली झाली. तिने पुन्हा मुद्रण ऐकले. आजी म्हणाली होती, 'त्या रात्री डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं', आणि शेवंतीने पूरच रात्रीत नेऊन बसवला होता. "बाई, गुपचूप बदलून टाकू का?" असे तिने विचारले. वर्डप्रेसमध्ये ते एका क्षणाचे काम आहे आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. वर्गात यावर बरीच चर्चा झाली. शेवटी असे ठरले की शुद्धलेखनाची चूक गुपचूप सुधारावी, पण माहितीची चूक सुधारताना लेखाच्या शेवटी 'दुरुस्ती' असा शब्द, दिनांक आणि आधी काय लिहिले होते ते द्यावे. शेवंतीने दुरुस्ती लिहिली आणि त्या वाचकांचे आभार मानणारी तीन वाक्येही लिहिली. निबंधाच्या वहीत तिने कधी माझे आभार मानल्याचे स्मरत नाही.

२० सप्टेंबर २०२४

गणेशोत्सव संपला, मुले जागेवर आली. हौदांच्या फेरीचे काम हाती घेतले. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी दगडी नळातून, केवळ उताराच्या जोरावर, शहरातल्या हौदांपर्यंत आणले गेले. ज्या वाटेने हे पाणी आले त्याच वाटेवरून मुले रोज दप्तर घेऊन जातात.

तीन गटांनी हौदांच्या जागा नकाशावर मांडल्या. त्यासाठी यूमॅप वापरले. हे साधन २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांनी मिळून केलेल्या नकाशावर चालते आणि तयार नकाशा लेखात जसाच्या तसा बसवता येतो. पेठेच्या अरुंद बोळात मोबाइलचे स्थान हौदाला समोरच्या दुकानात नेऊन ठेवते, म्हणून प्रत्येक खूण नकाशा मोठा करून हाताने सरकवावी लागली. तांब्याच्या गटाला एका ठिकाणी हौदाऐवजी कुलूपबंद लोखंडी झाकण मिळाले. त्यांनी 'आम्हांला येथे पाणी दिसले नाही, कुलूप दिसले' एवढेच लिहिले. चांगले लिहिले.

४ ऑक्टोबर २०२४

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय काल केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. मुलांना त्यावर लिहायचे होते. विषय पाण्याचा नाही हे मान्य करूनही मी परवानगी दिली. नऊ मसुदे आले, त्यांपैकी आठ वर्तमानपत्रांच्या चालीने चालणारे. दोन तर शब्दशः एकाच घाटणीचे होते आणि ती घाटणी कोणत्याही मुलाची नव्हती. आम्ही मसुदे आधी गूगल डॉक्समध्ये लिहितो. तेथे आवृत्तींचा इतिहास पाहता येतो, आणि त्या दोन्ही मसुद्यांचा इतिहास एका ओळीचा निघाला : रात्री नऊ वाजून काही मिनिटांनी सगळा मजकूर एकदमच अवतरला होता. मुलांना बोलावून मी काही न बोलता शेवंतीच्या मसुद्याचा इतिहास उघडला. अकरा दिवस, शंभरावर बदल, एका वाक्याची चारदा खाडाखोड. दोघांनीही आपापले मसुदे स्वतःहून मागे घेतले. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मुलांच्या हाती आहेत आणि ती राहणारच. मनाई करण्यापेक्षा इतिहास दाखवणे मला अधिक उपयोगी वाटले.

आणखी एक निर्णय. भेटींचा आकडा मुलांना दिसणार नाही अशी व्यवस्था केली. दोन आठवडे तो दिसत होता, तेवढ्यात पाणकोंबड्याने 'पुण्यातील सर्वांत भयानक विहीर' असे शीर्षक सुचवले होते.

२५ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी आणि निवडणुकीची धामधूम यांत महिना गेला. काम थोडे झाले.

शोधात सापडलेले चित्र उचलून आणण्याची सवय अद्याप मोडलेली नाही. विकिमीडिया कॉमन्सवर चित्राखाली परवाना लिहिलेला असतो, तो वाचून चित्रकाराचे नाव आणि परवाना लेखात द्यायचा, हे आता चार गट न सांगता करतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत 'श्रेय द्या' आणि 'तसेच वाटा' या दोन अटींतला फरक समजावताना डब्याचे उदाहरण कामी आले : माझ्या डब्यातली पोळी घे, पण कोणाची ते सांग, आणि तिचा लाडू केलास तर तोही असाच वाटून खा.

१० डिसेंबर २०२४

वर्गातील एका मुलाची दृष्टी अधू आहे. तो आमचे लेख एनव्हीडीए या मोफत पडदावाचकावर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनावर, ऐकतो. त्यातल्या ईस्पीक या आवाजाला मराठी येते, जरी ते मराठी यंत्रमानवाचे वाटते. आज त्याने वर्गासमोर ब्लॉगचे मुखपृष्ठ वाजवून दाखवले. प्रत्येक चित्राशी आवाज एकच शब्द म्हणत होता : 'फोटो'. पुढच्या चित्रालाही 'फोटो'. चित्रवर्णनाच्या चौकटीत सगळ्या गटांनी तेवढेच लिहून ठेवले होते. तो म्हणाला, "मला एवढंच कळतं की तुमच्याकडे फोटो आहे."

उरलेला सारा तास वर्णने लिहिण्यात गेला. बादलीच्या चित्राचे वर्णन आता असे आहे : 'जिन्यात चौथ्या पायरीपर्यंत गढूळ पाणी, त्यावर उलटी तरंगणारी लाल प्लॅस्टिकची बादली.' ती उलटी आहे हे चार महिन्यांत कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

६ जानेवारी २०२५

पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला 'दर्पण' सुरू केले, हे परिपाठात सांगितले गेले. वर्गात मी त्याला जोड दिली ती १८५५ सालाची. त्या वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. ती पुण्यातच, फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती, आणि निबंध तिच्या समाजाच्या दुःखाविषयी होता. वर्गात लिहिलेला मजकूर वर्गाबाहेरच्या वाचकापुढे ठेवण्याची गोष्ट आपल्या गावाला नवी नाही, हे ऐकून गारगोटीने विचारले, "तिचं टोपणनाव होतं का?" नव्हते. तिचा निबंध तिच्याच नावाने छापला गेला, हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न अर्थातच आला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नव्हते. टोपणनाव मुलांना जपते, हे मी आजही मानते. ते त्यांच्याकडून काही घेतेही.

११ फेब्रुवारी २०२५

वार्षिक परीक्षा जवळ आल्याने नवे लेखन थांबवले. ब्लॉग टिकवण्याचे काम तेवढे राहिले आहे. गूगल रीडरसारखे लाखो लोकांच्या रोजच्या वापरातले ब्लॉग वाचण्याचे साधनही १ जुलै २०१३ रोजी बंद झाले, तेव्हा आमची जागा कायम राहील असे गृहीत धरता येत नाही. वर्डप्रेसमधून सर्व लेखांची निर्यात-धारिका उतरवून घेतली, चित्रे वेगळी साठवली, आणि संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ३१ लेखांचे पत्ते एकेक करून जतन केले. हे कंटाळवाणे काम तांब्या आणि चिठ्ठीत हरलेला त्याचा प्रतिस्पर्धी यांनी मिळून केले.

ज्यांना पुढेही वाचायचे आहे त्यांच्यासाठी आरएसएस दुवा, म्हणजे नव्या लेखाची वर्दी देणारा दुवा, मुखपृष्ठावर ठेवला आहे. फीडली किंवा इनोरीडर या वाचनसाधनांत तो टाकला की नवा लेख आपोआप समोर येतो. मी स्वतः सातही गटांचे लेखन असेच वाचते. कोणाच्या व्हॉट्सअॅप गटात शिरावे लागत नाही.

२७ फेब्रुवारी २०२५

मराठी भाषा गौरव दिनानिमित्त ब्लॉगमधील निवडक १२ लेखांच्या छापील प्रती काढल्या. मुक्त हा फॉन्ट वापरला, मोठ्या टंकात; त्यातले 'ऱ्य' पाहून बरे वाटले. एक प्रत ग्रंथालयाला, एक मुख्याध्यापिकाबाईंना आणि एक शेवंतीच्या आजींना दिली, कारण त्यांना मोबाइलवर वाचवत नाही आणि ज्या लेखावर शहरभरातून प्रतिक्रिया आल्या तो त्यांनी स्वतः अजून वाचलेलाच नव्हता.

४ मार्च २०२५

आजींची प्रत परत आली. ती परत हवी असे आम्ही म्हटले नव्हते. पहिल्या पानावर पहिल्याच वाक्यात शिसपेन्सिलीने एक शब्द खोडला आहे आणि समासात थरथरत्या अक्षरांत दुसरा लिहिला आहे. शेवंतीने मला न विचारता मसुदा उघडला, योगदानकर्त्याला प्रसिद्ध झालेला लेख बदलता येत नाही हे तिच्या लक्षात आले, आणि मग ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिने सांगितले तसे मी लेखाच्या शेवटी, पहिल्या दुरुस्तीच्या खाली, टंकले :

दुरुस्ती, ४ मार्च २०२५ : डब्यातले पीठ गव्हाचे होते असे आधी लिहिले होते. ते जोंधळ्याचे होते.